खूण नव्हती, सूज नव्हती, म्हणून घरी पाठवलंत

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद,
आणि जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत रात्रपाळी करणारे सर्व वैद्यकीय अधिकारी यांस,

महोदय,

गेल्या पावसाळ्यात एका मुलीचा साप चावून मृत्यू झाला, त्याची चौकशी व्हावी म्हणून आमच्या ग्रामपंचायतीने आपल्याकडे अर्ज केला होता. त्याचं उत्तर अखेर आलं. एक पान, सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं रीतसर. मजकूर थोडक्यात असा: रुग्णाच्या अंगावर दंशाची खूण आढळली नाही, सूज नव्हती, रक्त गोठण्याची चाचणी सामान्य होती, सबब काही तास निरीक्षणाखाली ठेवून रुग्णास घरी सोडण्यात आले, उपचारात हयगय झाल्याचे दिसून येत नाही.

यातली पहिली तीन विधानं अक्षर न् अक्षर खरी आहेत. खूण नव्हती, सूज नव्हती, रक्त गोठत होतं. पण मण्यार चावलेल्या माणसाचं पहिल्या काही तासांतलं चित्र नेमकं असंच असतं. ज्या तीन गोष्टी बघून तिला ठेवून घ्यायचं, त्याच तीन गोष्टी तिला घरी पाठवण्याचं कारण म्हणून आपण लिहून दिल्यात. हे उत्तर फाईलला लावून गप्प बसणं मला जमणार नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. मुलगी आमच्या शेजारच्या वाडीतली, चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होती. तिच्या आईची इच्छा नाही, म्हणून नाव लिहीत नाही. बारावीला होती. लावणीचे दिवस होते, दिवसभर चिखलात काम करून सगळी माणसं ओटीवर गोधड्या टाकून आडवी झालेली. रात्री दोनच्या सुमारास ती उठून बसली आणि म्हणाली, कोपराला काहीतरी चावलं, उंदीर असेल. बापाने बॅटरी मारली तर भाताच्या कणगीमागे काळं, चकचकीत शेपूट जाताना दिसलं. त्यावर पांढरे पट्टे होते का, हे तो आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. कवड्याही तसाच दिसतो आणि तो बिनविषारी असतो, हे त्याला ठाऊक आहे. पण त्याने धोका पत्करला नाही. भगताकडे न नेता थेट आरोग्य केंद्रात नेलं. गेली कित्येक वर्षं आपलं खातं भिंतींवर रंगवून जे सांगतं आहे, ते त्या माणसाने तंतोतंत केलं. हे मुद्दाम लिहिते, कारण अशा मृत्यूनंतर 'नातेवाईकांनी उशीर केला' हे वाक्य फार सहज लिहिलं जातं.

आरोग्य केंद्रातून तिला ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. तिथे काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवलं, ते गोठलं. कोपर पाहिलं, तिथे काही नाही. पहाटे तिच्या पोटात दुखायला लागलं, तेव्हा जागरणाने पित्त झालं असेल म्हणून गोळी दिली. सातच्या आत डिस्चार्ज. केसपेपरवर इंग्रजीत जे लिहिलं आहे त्याचा अर्थ, घाबरल्यामुळे.

घरी आल्यावर नऊच्या सुमारास तिच्या पापण्या मिटायला लागल्या. आईला वाटलं, रात्रभराची झोप राहिली आहे, झोपू दे. थोड्या वेळाने तिला उठवून चहा दिला, तर घोट गिळता येईना. चहा ओठाच्या कडेने हनुवटीवर आला. ती काहीतरी सांगत होती, पण आवाज नाकातून, कुणाला कळेना. जीप मिळेपर्यंत मान सावरेनाशी झाली. रुग्णालयाच्या रस्त्यावरच श्वास थांबला.

साहेब, हे असं का होतं ते आपल्याला मी सांगावं हा उद्धटपणा आहे, मला कळतं. पण हे पत्र गावातली माणसंही वाचणार आहेत आणि आपल्या उत्तराने त्यांची अशी समजूत करून दिली आहे की सकाळपर्यंत काही झालं नाही म्हणजे विष नव्हतंच. ती समजूत मोडणं भाग आहे.

आपल्याकडे माणसं दगावतात ती मुख्यतः चार सापांमुळे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. घोणस आणि फुरसं चावलं की चावल्या जागी आग होते, सूज चढते, रक्त गोठेनासं होतं. वीस मिनिटांची ती चाचणी या दोघांसाठी आहे. नाग चावला तरी बहुधा सूज, दुखणं असतंच. मण्यारीचं सगळंच वेगळं. ती रात्री फिरते, उंदीर, पाली, बेडूक आणि दुसरे सापसुद्धा खाते, त्यांच्या मागावर घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक की पुष्कळदा खूणच दिसत नाही. दुखतही नाही, कित्येकांना जागसुद्धा येत नाही. रक्तावर परिणाम नसल्यामुळे नळीतलं रक्त व्यवस्थित गोठतं.

विष मात्र आपलं काम करत असतं. मज्जातंतू स्नायूला हुकूम पोचवतो तो एका रसायनाच्या बारीक बारीक पिशव्यांतून. नागाचं विष स्नायूच्या बाजूला जाऊन बसतं आणि हुकूम घेणारी जागाच अडवतं, म्हणून त्याचा परिणाम लवकर दिसतो. मण्यारीच्या विषातला मुख्य घटक, बीटा-बंगारोटॉक्सिन, मज्जातंतूच्या टोकावर हल्ला करतो, आत शिरतो आणि नव्या पिशव्या तयार होण्याची सोयच उद्ध्वस्त करतो. आधीच्या पिशव्या शिल्लक असतात तोवर माणूस बोलतो, चालतो, स्वतःच्या पायाने रुग्णालयातून बाहेर पडतो. मागचं गोदाम जळालेलं असतं आणि पुढच्या फळीवरचा माल संपेपर्यंत गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता नसतो. माल संपला की सहसा आधी पापण्या पडतात, मग एकाची दोन दिसतात, मग गिळणं, मान आणि शेवटी श्वास. हे कधी दोन तासांत होतं, कधी सहा, कधी बारा तासही लागतात. या सगळ्याच्या आधी अनेकांच्या पोटात दुखतं, उलटी होते. पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेल्या धडधाकट माणसाच्या पोटात पहाटे दुखायला लागलं, तर पित्ताच्या आधी मण्यार आठवली पाहिजे. हे गुपित नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्पदंशाच्या उपचारांची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, त्यांत संशयित रुग्णाला चोवीस तास देखरेखीखाली ठेवावं असं म्हटलेलं आहे. चोवीस तास. आमच्या मुलीला पाचही मिळाले नाहीत.

आता तक्रारी मांडते.

पहिली तक्रार घड्याळाची. आरोग्य केंद्राच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'साप चावल्याचा संशय, रात्री २ च्या सुमारास'. ग्रामीण रुग्णालयात नवा केसपेपर झाला, त्यावर वेळ पडली ती तिथे पोचल्याची. चिठ्ठी बापाच्या खिशातच राहिली, ती कुणी मागितली नाही. चावल्याची वेळ कागदावरून गेली की पुढचे तास कशापासून मोजायचे? यामागचं मोठं कारण आपण दोघे अधिकारी माझ्याहून चांगलं जाणता. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाताखाली. ग्रामीण रुग्णालय शल्यचिकित्सकांच्या हाताखाली. रुग्ण एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत गेला की पहिल्या दवाखान्याच्या दृष्टीने 'रेफर केला' म्हणजे संपलं आणि दुसऱ्याच्या दृष्टीने तो आत्ताच जन्माला आला. जे विष दहा तासांनी बोलतं, त्याच्यासाठी अशी हद्द जीवघेणी आहे. हे पत्र दोघांच्या नावे लिहिलं आहे ते त्यामुळेच. कृपा करून एकमेकांकडे 'उचित कार्यवाहीस्तव' पाठवू नये.

दुसरी तक्रार अशी, की रुग्णालयाने त्या रात्री नकळत भगताचंच काम केलं. आमच्याकडे अजूनही साप चावलेल्याला कडुनिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष नाही म्हणायचं. भगत मंत्र टाकतो, तासाभरात माणूस बरा दिसतो, 'उतरलं' म्हणून घरी पाठवतात. बहुतेक साप बिनविषारी, विषारी चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही, म्हणून भगताला यश भरपूर. आणि मण्यारीचा रुग्ण रात्री दोन वाजता बरा दिसणारच असतो. आता गावात भगत उघड म्हणतो आहे, सरकारी दवाखान्यानेही बघून परतच पाठवली ना? त्याला उत्तर काय द्यायचं ते मला सुचत नाही. आशाताईने इतकी वर्षं दारोदार जाऊन जे कमावलं, ते एका सकाळच्या डिस्चार्जने गेलं.

एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर चर्चा भलतीकडे जाईल. तिला सापाची लस, म्हणजे विषावरचं औषध, का दिली नाही, असं माझं म्हणणं नाही. लक्षणं नसताना ती देऊ नये, तिची रिअॅक्शन येऊ शकते, हे मला समजावून सांगणारे डॉक्टर भेटले आहेत आणि मला ते पटलं आहे. लस न देणं बरोबर होतं. तिला सोडणं चूक होतं. पापणी जरा जड झालेली पहिल्यांदा दिसते, त्या क्षणी लस हाताशी हवी, कारण विष मज्जातंतूच्या आत शिरल्यावर लस त्याला ओढून बाहेर काढू शकत नाही. मिळतो तो अवधी थोडाच असतो आणि तो रुग्ण खाटेवर असेल तरच उपयोगाचा.

तिसरी तक्रार श्वासाची. इथे माझ्या घरातलं सांगावं लागेल. माझ्या धाकट्या दिराच्या मुलाला काही वर्षांपूर्वी मळ्यातल्या खोपटात झोपला असताना मण्यार चावली. त्याला तर चावल्याचंच कळलं नाही. पहाटे पोटात दुखतं म्हणून उठला, खासगी दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन घेतलं, दुपारच्या आत डोळे उघडेनात. त्याचं नशीब म्हणून दुसऱ्या एका छोट्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने ओळखलं, घशात नळी घातली आणि अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, आमच्या हातात दिली. शहरापर्यंत गाडीत आम्ही आळीपाळीने ती दाबत गेलो. छाती वर येते का बघा आणि थांबू नका, एवढंच त्याने शिकवलं होतं. पुढे आठवड्याहून अधिक तो व्हेंटिलेटरवर होता. हात-पाय हलत नव्हते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, त्यावर उजेड टाकला तरी हलत नव्हत्या. कॉटशेजारी उभं राहून कुणीतरी म्हणालं, मेंदू गेलाय, उगाच खर्च करू नका. जाऊबाई तिथेच खाली बसल्या.

तो शुद्धीवर होता. मण्यारीच्या विषाने माणूस निर्जीवासारखा दिसतो, पण बेशुद्ध झालेलाच असेल असं नाही. स्नायू बंद पडतात, कान आणि मन चालू असतं. घरी आल्यावर त्याने सांगितलं, काकू, मला सगळं ऐकू येत होतं. कोण काय म्हणालं, मंगळसूत्र कुठे गहाण टाकायचं ठरलं, सगळं. आज तो ट्रॅक्टर चालवतो. मज्जातंतूंची टोकं पुन्हा तयार होतात, त्याला दिवस लागतात, कधी आठवडे. तोवर कुणीतरी किंवा कशानेतरी श्वास दिला पाहिजे, बस. या दुखण्यात माणूस वाचवण्याचा भाग इतका साधा आहे आणि तरीही आमच्या तालुक्याच्या ठिकाणी रात्री नळी घालू शकणारा माणूस हजर असेलच याची खात्री कुणी देत नाही. व्हेंटिलेटर आहे, मी स्वतः पाहिला आहे. प्लास्टिकच्या आवरणासकट कोपऱ्यात उभा आहे. चालवणारं कुणी नाही, असं तिथल्या सिस्टरनीच सांगितलं.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव कोकणात सगळ्यांना माहीत आहे. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लाल विंचवाचंही असंच होतं: चावल्याच्या वेदनेकडे सगळ्यांचं लक्ष आणि खरा घात काही तासांनी, हृदय थकून फुप्फुसात पाणी भरल्यावर. सरकारी नोकरीत असताना ते अशा रुग्णांजवळ बसून राहिले, रक्तदाब आणि नाडी टिपत राहिले आणि त्यातून प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग जगाला कळला. तेव्हा खेड्यातल्या दवाखान्यात कोणती मोठी यंत्रसामग्री होती? त्यांच्या कामाची भाषणं आपल्या खात्याच्या कार्यक्रमांत होतात, मी ऐकली आहेत. भाषणाबरोबर रुग्णाजवळ बसून राहणंही घ्यावं.

चौथी तक्रार कागदाची, आणि ती मुलीच्या बापाच्या वतीने. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. त्याच्या नावावर सातबारा आहे, मुलगी वयात बसते. पण शवविच्छेदनात दंश दिसला नाही, व्हिसेरा राखून ठेवला, आणि नेहमीच्या रासायनिक तपासणीत सापाचं विष सहजी सापडत नाही. वर आपलं हे उत्तर. त्याचा अर्ज 'सर्पदंशाचा पुरावा नाही' म्हणून परत आला. म्हणजे जिवंत असताना खूण नाही म्हणून घरी पाठवली आणि मेल्यावर खूण नाही म्हणून अर्ज परत पाठवला. पडलेल्या पापण्या, गिळता न येणं, नाकातला आवाज, लुळी मान, त्याच क्रमाने थांबलेला श्वास, हा पुरावा नव्हे का? हे पाहणारी निदान सहा माणसं आहेत. त्यांचे जबाब कुणी घेतले नाहीत. (ज्यांच्या नावावर आणि घरात कुणाच्याच नावावर जमीन नाही, त्या वाडीतल्या मजुरांना तर ही योजनाच लागू नाही. तो विषय वेगळा, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.)

कागदाचं महत्त्व पैशापुरतं नाही. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातले जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. हा आकडा घरोघरी जाऊन मृत्यूची हकिगत विचारून काढावा लागला, कारण रुग्णालयांच्या दप्तरी तो नव्हताच. आमची मुलगी आपल्या दप्तरी कुठल्या रकान्यात आहे? 'घाबरल्यामुळे' आणि पुढे 'कारण राखून ठेवले'. अशा नोंदी साठत गेल्या की जिल्ह्यात मण्यारीने कुणी मरतच नाही असं दिसतं, मग व्हेंटिलेटर चालवणारा माणूस मागायचा कशाच्या जोरावर? मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रत्येक सर्पदंशाची आणि मृत्यूची सक्तीने नोंद व्हावी असं केंद्राने सगळ्या राज्यांना कळवलं. निम्मे करायचे तर आधी मोजायला नकोत?

डॉक्टरांबद्दल दोन शब्द. त्या रात्री ड्युटीवर असलेल्या डॉक्टरांना शिक्षा व्हावी अशी मागणी आमच्या अर्जात नव्हती, या पत्रातही नाही. ते एकटे होते, बाळंतपण चालू होतं, सकाळी ओपीडी उघडायची होती आणि खाटा भरलेल्या होत्या. धडधाकट दिसणाऱ्या मुलीला त्यांनी सोडलं. त्यांच्या जागी कुणीही नवशिका डॉक्टर तेच करेल, कारण आपल्या यंत्रणेत चोवीस तासांचा नियम टेबलावर कुठे लावलेला नाही आणि त्या नियमासाठी खाट राखलेली नाही. ज्या चुकीची वाट यंत्रणेनेच मोकळी ठेवली आहे, ती एका माणसाच्या डोक्यावर घालून मोकळं व्हायचं नाही. पण 'हयगय झालेली नाही' असं लिहून आपण ती वाट तशीच मोकळी ठेवता आहात, हेही खरं.

म्हणून मागण्या. मृग लागायच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आधी, यांवर लेखी आदेश निघावा.

१. साप चावल्याचा संशय घेऊन आलेल्या कोणत्याही रुग्णाला, खूण असो वा नसो, सूज असो वा नसो, चावल्याच्या वेळेपासून चोवीस तास सोडू नये. चावल्याची वेळ केसपेपरच्या पहिल्या ओळीत लिहावी आणि रेफर करताना ती रुग्णासोबत जावी. वेळ माहीत नसेल तर तसं लिहून दाखल झाल्यापासून चोवीस तास मोजावेत.

२. पावसाळ्याचे चार महिने प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात अशा रुग्णांसाठी खाटा राखून ठेवाव्यात. खाट नसेल तर वऱ्हांड्यात सतरंजीवर ठेवा, आमचे नातेवाईक तक्रार करणार नाहीत. घरी पाठवू नका.

३. दर तासाला करायच्या तपासणीचा एक कागद कॉटला लटकवावा. वर बघायला सांगितल्यावर पापण्या पूर्ण उघडतात का, उशीवरून डोकं उचलता येतं का, एका श्वासात किती आकडे मोजता येतात. याला यंत्र लागत नाही. सिस्टरना वेळ नसेल तर बापाला शिकवा, तो रात्रभर बसेल. आकडे कमी व्हायला लागले की कुणाला बोलवायचं तेवढं त्यावर ठळक लिहावं.

४. पहाटेची पोटदुखी, उलटी, घसा दुखणं किंवा डोळे जड होणं घेऊन आलेल्या आणि जमिनीवर झोपणाऱ्या रुग्णाला, त्याने सापाचं नाव काढलं नाही तरी, पावसाळ्यात मण्यारीचा संशयित धरावं. हे खासगी डॉक्टरांनाही कळवावं. माझ्या पुतण्याच्या वेळी ते तिथेच हुकलं होतं.

५. तालुक्याच्या ठिकाणी रात्रीसुद्धा श्वासनळीत नळी घालू शकणारी, निदान अंबू बॅग नीट चालवणारी व्यक्ती असावी. कोपऱ्यातला व्हेंटिलेटर आवरणातून बाहेर काढून चालू करावा किंवा जिथे तो चालवणारं माणूस आहे तिथे द्यावा. श्वास कमी पडणाऱ्या रुग्णाला रेफर करताना बॅग दाबणारं माणूस गाडीत असल्याशिवाय गाडी हलू नये.

६. लसीचा साठा आरोग्य केंद्रात किती आणि ग्रामीण रुग्णालयात किती, हे दर आठवड्याला दारावरच्या फळ्यावर लिहावं. रात्री किल्ली कुणाकडे असते तेही.

७. या मुलीच्या मृत्यूची फेरचौकशी व्हावी. घरच्यांचे आणि जीपवाल्याचे जबाब घ्यावेत, लक्षणांचा क्रम मण्यारीच्या दंशाशी जुळतो की नाही यावर वैद्यकीय महाविद्यालयातल्या तज्ज्ञांचं मत घ्यावं आणि ते तालुका कृषी अधिकाऱ्यांना पाठवावं, म्हणजे तिच्या बापाचा अर्ज पुन्हा उघडता येईल.

यातली पाचवी मागणी सोडली तर बाकीच्यांसाठी फारसा नवा निधी लागेल असं मला वाटत नाही. लागत असेल तर किती, ते कळवा. आमच्या आमदारांकडे आणि जिल्हा नियोजन समितीकडे आम्ही जाऊ. गावाकडून करायचं ते आम्ही सुरू केलं आहे. महिला बचत गटाने मच्छरदाण्या एकगठ्ठा घेतल्या, त्या गादीखाली खोचून कसं झोपायचं ते आशाताई घरोघरी दाखवते आहे. ज्यांना जमेल त्यांनी खाटा केल्या आहेत. लावणीला बाहेरून येणाऱ्या मजुरांना शाळेच्या खोलीत बाकांवर झोपू द्यावं, असा ठरावही झाला आहे.

उत्तर लेखी द्यावं आणि मागणीनिहाय द्यावं: मान्य, अमान्य, अमान्य असल्यास कारण. 'नोंद घेण्यात आली आहे' एवढंच कळवायचं असेल तर टपालाचा खर्च करू नये. येणारं उत्तर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचून दाखवायचं सरपंचांनी कबूल केलं आहे, आणि त्या दिवशी मुलीचे वडील हजर राहणार आहेत.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका

प्रत: मा. तालुका कृषी अधिकारी, मा. तहसीलदार; ग्रामपंचायतीच्या सूचना फलकावर लावण्यासाठी